मागून घेतलेला दिवस

म्हशीच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि विकणारा समोरासमोर उभे राहतात, एकाच्या खांद्यावरचा टॉवेल दोघांच्या हातांवर टाकतात आणि आत बोटांनी बोलतात. एक बोट दाबलं की एक, चार दाबली की चार. भोवती माणसं माना उंच करून उभी असतात, पण त्यांना दिसतो तो फक्त हलणारा टॉवेल. पटलं नाही तर हात सोडून द्यायचा. पटलं तर समोरच्याची पाचही बोटं गोळा करून अख्खा पंजा आपल्या मुठीत धरायचा आणि एकदाच खाली झटका द्यायचा. झटका दिला की सौदा पक्का. मग कुणी मागं फिरत नाही. जो फिरतो त्याला पुढं कुणी टॉवेलाखाली हात देत नाही.

मी हेडी. हेडी म्हणजे जनावरांचा व्यापारी. चंदगडपासून कर्नाटकच्या हद्दीपर्यंतचे सगळे बाजार मी पायाखाली घातलेत. बापानं माझ्यासाठी काही ठेवलं नव्हतं. दुसऱ्याच्या गोठ्यातलं शेण काढत मोठा झालो आणि आज कोल्हापूरच्या कडेला माझा स्वतःचा गोठा आहे, तो कुणाच्या मेहेरबानीनं नाही. माझा आवाज मोठा आहे आणि डोकं लवकर तापतं, हे लोक सांगतात त्याआधी मीच सांगून टाकतो. पण घासाघीस म्हणजे माझं भांडण नव्हे, ती माझी विद्या आहे. तिच्यातल्या दोन गोष्टी पक्क्या. पहिल्या भावाला हात द्यायचा नाही. आणि समोरचा फार लवकर उतरला तर तिथंच थांबायचं, म्हशीचे चारी सड पिळून बघायचे, कारण काहीतरी दडवलेलं असतं.

त्या शनिवारी मी पहिली गोष्ट पाळली आणि दुसरी विसरलो. त्यालाच आता दोन उन्हाळे झाले.

लग्न झालं तेव्हा आम्ही सहाजण एका खोलीत राहत होतो. नव्या बायकोशी चार शब्द बोलायलाही जागा नव्हती. एकदा विहिरीकडं जाताना तिनं मला विचारलं,

"टावेलाखाली काय करतासा ओ तुम्ही दोघं?"

"गुदगुल्या."

"सांगा की खरं."

"बायकांनी शिकायचं नसतंय ते."

"का? बायकांस्नी बोटं न्हाईत व्हय?"

शिकवलं. धंद्याचा नियम मोडून शिकवलं. आणि ती माझ्याहून तयार निघाली. लग्नाकार्यात शेजारी बसली की पदराखालून माझा हात धरायची. एक बोट म्हणजे उठा आता. दोन बोटं म्हणजे गप बसा. मला आयुष्यात जास्ती करून दोन बोटंच मिळाली. लेकीला बघायला पाहुणे आले, तेव्हा मी पोराच्या नोकरीत खोट काढत होतो, घर लहान म्हणत होतो, आणखी काय काय काढलं असतं. तिनं पदराखाली माझा पंजा धरला आणि एक झटका दिला. मी तिथल्या तिथं थांबलो आणि पाहुण्यांना म्हणालो, "पक्कं." लेक आज सुखात आहे. सौदा कुठं तोडायचा ते मला कळायचं, कुठं जोडायचा ते तिला.

तिचे गुडघे गेले ते माझ्या म्हशींनी. तीस वर्षं उकिडवी बसून धारा काढायच्या, मग काय होणार? मी गडी ठेवतो म्हटलं तर म्हणायची, "गड्याच्या हाताला म्हस पान्हवत न्हाय." गुडघ्यांवर मीच गोळी आणायचो. मेडिकलवाला ओळखीचा. "पावणं, ती लाल गोळी," म्हटलं की अख्खं पाकीट पुढं सरकवायचा. चिठ्ठी त्यानं कधी मागितली नाही, मी कधी दिली नाही. त्यात मला हुशारी वाटायची. डॉक्टरच्या दारात अर्धा दिवस ताटकळायचं वाचलं ना! रक्तदाबाची गोळी मात्र डॉक्टरनं लिहून दिलेली होती आणि ती कधी चुकवू नका असं बजावलं होतं. ती दोन्ही गोळ्या एकाच डबीत ठेवायची, हळदीकुंकवाच्या जुन्या डबीत.

आणि पाणी कमी प्यायची. संडास घराच्या मागं, चार पायऱ्या उतरून. पाणी प्यालं की जावं लागतं, गेलं की गुडघे ओरडतात. म्हशींना उन्हाळ्यात दिवसातून चारदा पाणी दाखवणारी बाई स्वतः दोन तांब्यांवर दिवस काढायची. हे मी बघत होतो. बघत नव्हतो असं म्हणालो तर खोटं होईल.

मे महिन्यात तिच्या माहेरी जत्रा होती. जत्रेची म्हाई म्हणजे मटणाचं गावजेवण. सकाळी शिजलेलं ते उन्हात दिवसभर ठेवलं आणि संध्याकाळच्या पंगतीलाही वाढलं. गावातली निम्मी माणसं आडवी झाली. मी दुपारीच जेवून बाजाराला निघून गेलतो, हद्दीकडं, दोन म्हशी बघायला. तिकडंच तीन दिवस गेले, तोवर ती घरी परतली होती. फोनवर तिला विचारलं तर म्हणाली, "सगळ्यांचं झालं तसंच माझं. दोनचार येळा जावं लागलं. उगं काळजी करू नगा." दोनचार वेळा नव्हतं. शेजारीण नंतर सांगत होती, मोजदाद नव्हती. अंगात कसकस होती म्हणून तिनं लाल गोळी सकाळ-संध्याकाळ घेतली. चुकवायची नाही म्हणून रक्तदाबाचीही घेतली. पोटात पाण्याचा थेंब टिकत नव्हता, गोळ्या मात्र वेळच्या वेळी.

मी आलो तेव्हा गल्लीतल्या डॉक्टरनं सलाईन लावून झालं होतं. जुलाब थांबले होते, उलट्या कमी झाल्या होत्या. आम्ही सुटलो म्हणालो. तोंड जरा सुजल्यासारखं होतं, ते मला झोपेनं वाटलं. लेक तिच्या घरून आली होती, भाताची पेज करत होती. आणि हिला उचकी लागली.

उचकी लागली म्हणजे कुणीतरी आठवण काढतंय, हे आपल्याकडं लहान मूलही सांगेल. बरोबर माणसाचं नाव घेतलं की ती थांबते. आम्ही नावं घ्यायला बसलो. मी म्हणालो, "तुझी थोरली जाऊ असंल."

"तिला माझी आठवण कशाला?" उचकी. "व्हय, माझं मोठं पातेलं न्हेलंय तिनं. परत द्यायचं ध्यानात आलं असंल."

लेक हसली. मग मामी झाली, माहेरची भावजय झाली, चुलत्या झाल्या, देवळातली बाई झाली. उचकी काही थांबेना. मी म्हणालो, "मग तुझा बा असंल बघ."

तिचा बाप जाऊन दहा वर्षं झाली होती. "मेलेली माणसं कशाला आठवण काढतील?" म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून झोपली. उचकी चालूच. एक अख्खा दिवस आणि दुसऱ्या दिवसाची दुपार आम्ही त्या उचकीत नातेवाईक शोधत बसलो. पुढं डॉक्टरनं सांगितलं की रक्तात घाण साठली की अशी उचकी लागते. शरीर सांगत होतं आणि आम्ही पाहुण्यांची यादी वाचत होतो.

शुक्रवारी ती बडबडायला लागली. म्हशीला पाणी पाजलं का, म्हणून मला चार वेळा विचारलं. लेकीनं रिक्षा बोलावली.

मोठं हॉस्पिटल होतं. किडनीचा डॉक्टर तरुण, आमच्या जावयाच्या वयाचा. चष्मा, हळू आवाज. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, "काकूंना लघवी किती झाली? शेवटची कधी झाली?"

मी नवरा, ती पोटची लेक. दोघांनाही माहीत नव्हतं. आमच्या घरात हा शब्द मोठ्यानं कुणी उच्चारत नव्हतं. बायका "बाहेर जाऊन येते" म्हणतात आणि आपण ऐकलं न ऐकलं करतो. तीच कुठून तरी भानावर येऊन म्हणाली, "परवा... जराशी. लाल-काळी."

मी हेडी आहे. कुठल्याही गोठ्यात जनावर मलूल दिसलं की माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, रवंथ करतंय का आणि मुतलंय का? न मुतलेल्या म्हशीसाठी मी जनावरांच्या डॉक्टरला भर जेवणातून उठवून आणलंय. माझ्या घरात माझी बायको दोन दिवस मुतली नव्हती आणि मी तिच्या उचकीची गंमत करत होतो.

रक्त काढलं, लघवीची नळी घातली. नळीला लावलेली पिशवी पलंगाला टांगली, तिच्या तळाला बोटभर गढूळ पाणी आलं आणि थांबलं. डॉक्टरनं विचारलं, काय काय औषधं चालू आहेत? लेकीनं हळदीकुंकवाची डबी उघडून त्याच्यापुढं धरली. त्यानं लाल गोळी उचलून उजेडात बघितली.

"ही कुणी दिली?"

"मी आणतो," मी म्हणालो. "गुडघ्याला."

"किती दिवस?"

"चारपाच वर्षं."

तो माझ्यावर ओरडला नाही. कागदाच्या मागं पेनानं रेघा काढून समजावायला लागला. "काका, शेतीला पाणी देता ना? पाणी पोचलं नाही तर तीन ठिकाणी बघायचं. विहिरीतच पाणी नाही, की मोटर जळाली, की पुढं पाइप तुंबलाय. किडनीचं तेच. सोनोग्राफीत पाइप मोकळा दिसतोय. जुलाबानं यांची विहीर आटली. त्यात ही दुखण्याची गोळी आणि ही रक्तदाबाची. एरवी किडनी कमी पाण्यात कशीबशी भागवते, पण या दोन गोळ्यांनी तिचा तोही मार्ग बंद केला. आता मोटरलाच इजा झालीय." मग म्हणाला, "एक चांगलं आहे. किडनीचा आकार नेहमीसारखा आहे. म्हणजे जुना आजार दिसत नाही, अचानक झालंय. हे बरं होण्यासारखं असतं."

बरं होण्यासारखं. ते शब्द मी खिशात घातले.

दोन्ही गोळ्या बंद केल्या. सलाईन मोजून सोडलं. छातीला तारा लावून काढलेला तो हृदयाचा कागद दर थोड्या वेळानं बघत होते. क्रिएटिनिन नावाचं काहीतरी एकच्या आसपास असायला पाहिजे, ते आठच्या वर गेलं होतं. मी पलंगाजवळ उभा होतो तेव्हा तिचा हात आपोआप हलला, जसा झोपेत कुत्र्याचा पाय हलतो तसा. मी दचकलो. डॉक्टर म्हणाला, "रक्तात घाण वाढली की हात असे झटकतात. त्या मुद्दाम करत नाहीत."

हे वाक्य ध्यानात ठेवा. मी अजून ते घेऊन फिरतोय.

शनिवारी दुपारी तो मला आणि लेकीला बाहेर घेऊन गेला. म्हणाला, "लघवी सुरू झालेली नाही. पोटॅशियम वाढलंय, हृदयाच्या कागदावर दिसायला लागलंय. आज डायलिसिस करायला लागेल. इथं सही करा."

माझ्या ओळखीत चंदगडकडचा एक हेडी होता. त्याच्या भावाला डायलिसिस लागलं. आठवड्यातून तीनदा एस.टी.नं यायचं आणि तीनदा जायचं. पावसात घाट बंद झाला की त्याचं अंग फुगायचं. हाताच्या शिरा दोरखंडासारख्या झाल्या होत्या. चार वर्षांनी गेला. तो हेडी मला म्हणाला होता, "पावणं, एकदा का मशीनला माणूस लावला की मशीन त्याला सोडत न्हाय." मला ते वाक्य त्या कागदाच्या वर लिहिलेलं दिसत होतं.

"एकदा लावलं की कायमचंच की," मी म्हणालो.

"नाही काका. हा तसा आजार नाही. हात मोडला तर आपण झोळी बांधतो ना? हाड जुळलं की झोळी काढतो. तसंच आहे हे."

"तुम्हीच काल म्हणालासा, बरं होण्यासारखं हाय. मग मशीन कशाला?"

"बरं व्हायला वेळ लागतो. तोवर त्या जगल्या पाहिजेत."

"पोटॅशियमला औषध न्हाय व्हय?"

"आहे. पण ते तात्पुरतं. थोडे तास दाबून धरतं, बाहेर काढत नाही."

"मग धरा की दाबून!"

लेक मध्ये पडली. "आबा, सही करा. त्यांना कळतं."

"तू गप. तुझ्या आईला घाटातनं आठवड्याला तीनदा आणणार हाईस तू?"

"आपल्याला घाट कुठं आलाय, आबा? आपण कोल्हापुरातच राहतो की."

खरं होतं ते. पण माझा आवाज चढला होता, आणि माझा आवाज एकदा चढला की मी त्याच्या मागं जातो. मी म्हणालो, "थांबा, तिलाच विचारतो."

आत गेलो. हिरवी चादर गळ्यापर्यंत होती, ओठ कोरडे, श्वास खोल आणि घाईचा. मी वाकलो. "अगं, डॉक्टर मशीन लावतो म्हणतोय. काय करू?"

डोळे अर्धे उघडले. बोलली नाही. चादरीखाली तिच्या हातानं माझा हात शोधला आणि धरला. घट्ट नाही, तेवढा जोर नव्हता. पण धरला, आणि एकदा ओढल्यासारखं झालं.

मला वाटलं, भ्यालीय. मला धरून ठेवतीय. त्यांच्या हवाली करू नका म्हणतीय. तीस वर्षांत तिनं माझ्याकडं काही मागितलं नव्हतं, आणि आज हात धरून मागतीय असं मला वाटलं. मी बाहेर आलो ते ठरवूनच.

"एक दिवस द्या," मी डॉक्टरला म्हणालो. "उद्या दुपारपर्यंत. लघवी न्हाई आली तर सांगाल तिथं सही करतो."

"काका, धोका आहे."

"तुम्ही औषध द्या. एकच दिवस. तुमच्या आईला लावली असती का लगेच मशीन?"

त्यानं चष्मा काढून डोळे पुसले. तीन रात्री झोपला नसावा, डोळे लाल होते. आत आणखी पेशंट होते, कुणीतरी त्याला हाक मारत होतं. तो म्हणाला, "आजच करा असं मी सांगितलंय. तुम्ही नको म्हणत असाल तर औषधं चालू ठेवतो, संध्याकाळी परत रक्त बघतो. पण तसं तुमच्या सहीनं लिहून द्यायला लागेल."

लवकर उतरला. मी बाजारात असतो तर तिथंच थांबलो असतो, चारी सड पिळून बघितले असते. पण मला जिंकल्यासारखं वाटलं. मी नको म्हणून सही केली.

संध्याकाळचं रक्त जरा बरं आलं. मी लेकीला म्हणालो, "बघ."

रविवारी सकाळी मी खाली चहा घेत होतो. वर आलो तर तिच्या पलंगाभोवती पडदा होता आणि पडद्याखाली पुष्कळ पाय दिसत होते. हृदय थांबलं होतं. त्यांनी छाती दाबून दाबून ते परत चालू केलं. किती वेळ थांबलं होतं ते मला सांगितलं होतं, पण तो आकडा मी डोक्यात राहू दिला नाही. त्यानंतर कुणी माझी सही मागायला थांबलं नाही, लेकीनं केली. मानेजवळ नळी घालून मशीन लावलं. मी काचेतून बघितलं. मी राक्षसासारखं काहीतरी मनात धरून होतो. दूध संकलन केंद्रावर असतं तेवढं यंत्र होतं ते, गोल गोल फिरणारं, शांत. तिचं रक्त एका बाजूनं जात होतं आणि दुसऱ्या बाजूनं परत येत होतं. बस, एवढंच. एवढ्याला मी भ्यालो होतो.

ती मात्र जागी झाली नाही. श्वासाचं यंत्र लावलेलं, डोळे कधी उघडे, पण त्यात कुणी नसायचं. लेक कानाशी बोलायची. मी पलंगाला टांगलेल्या पिशवीकडं बघायचो. दुसरं काय बघू? रोज सकाळी तळाला बोटभर, कधी तेवढंही नाही.

अकराव्या दिवशी तिथली सिस्टर पळत बाहेर आली. लहानखुरी पोरगी, बहुतेक शाहूवाडीकडची, बोलण्यावरून वाटायचं. "काका, युरिन आलं! अर्धी पिशवी भरली!" तिच्या तोंडावर असा आनंद होता की मी पण उठून उभा राहिलो. आत गेलो. पिशवीत स्वच्छ, गवताच्या रंगाचं पाणी होतं आणि नळीतून आणखी येत होतं. दुसऱ्या दिवशी पिशवी दोनदा रिकामी करावी लागली. तिसऱ्या दिवशी त्यांनी मशीन बंद केलं. झोळी काढली. तो डॉक्टर पोरगा खरं बोलला होता, शब्दाला शब्द.

किडन्या परत आल्या. ती आली नाही. मेंदूला जे व्हायचं ते त्या रविवारी सकाळी होऊन गेलं होतं. पुढं छातीत कफ धरला, ताप आला, आणि एका दुपारी ती गेली. पिशवी तेव्हाही भरत होती.

तिचं तेरावं झाल्यावर मी त्या डॉक्टरकडं गेलो. ओरडायलाच गेलो होतो. बाहेर बसलेली माणसं वळून बघायला लागली इतका आवाज चढवला. "मी अडाणी माणूस, मला म्हशीतलं कळतं. तू शिकलेला. तू मला एक दिवस का दिलास? माझ्या कानफटात मारायची होतीस! माझा हात धरून सही घ्यायची होतीस!"

तो उभा राहिला. म्हणाला, "काका, मी दिला नव्हता. तुम्ही घेतलात." मग म्हणाला, "मी अजून जोरात सांगायला पाहिजे होतं. मलाही रोज वाटतं तसं. त्या दिवशी केलं असतं तर वाचल्याच असत्या असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण संधी होती."

मी त्याला माफ केलेलं नाही. त्याच्या जागी म्हातारा, कडक, तोंडाळ डॉक्टर असता तर मी मुकाट्यानं सही केली असती. माझ्यासारख्याशी हळू बोलून चालत नाही. लोक म्हणतील, स्वतःचं त्याच्यावर ढकलतोय. म्हणू देत. माझ्या वाट्याचं माझ्याकडं आहे, त्यातलं मी कुणाला देत नाही. त्याच्या वाट्याचं त्यानं ठेवावं.

मेडिकलवाल्याकडं मात्र मी गेलो नाही. काय सांगणार? चिठ्ठी न मागण्याबद्दल मीच त्याला चांगला माणूस म्हणत होतो.

लेक वर्षभर माझ्याशी कामापुरतंच बोलली. आता रोज सकाळी फोन करते. "आबा, पाणी प्यालासा का? लघवी नीट होतीया न्हवं? कुठली गोळी घेतलीसा?" भर बाजारात फोन आला तरी मी मोठ्यानं सांगतो, "झाली की! दोनदा झाली!" आजूबाजूचे हेडी हसतात. हसू देत. माझ्या घरात तो शब्द उच्चारला जायला एक माणूस जावा लागला.

आता शेवटचं सांगतो. बरेच दिवस मी बाजाराला गेलो नव्हतो. पहिल्यांदा गेलो तो हद्दीकडच्याच बाजाराला. एक कानडी हेडी जुना ओळखीचा, त्याच्याकडं पहिल्या वेताची म्हैस होती. टॉवेल टाकला. मी बोटं दाबली, त्यानं दाबली, मी सोडली, परत धरली. थोड्या वेळानं त्यानं माझी पाचही बोटं गोळा केली, अख्खा पंजा मुठीत धरला आणि खाली झटका दिला.

माझ्या हाताला आधी आठवलं, मला मग. हिरवी चादर. कोरडे ओठ. "काय करू?" म्हणून मी विचारलं होतं आणि तिनं चादरीखाली उत्तर दिलं होतं. पक्कं. सही करा. ती मला धरून ठेवत नव्हती. ती सौदा जोडत होती, जसा लेकीचा जोडला तसा.

"काय झालं पावणं? मोडला का काय सौदा?" तो हेडी विचारत होता. माझा हात त्याच्या हातात तसाच होता. मी टॉवेल काढला आणि मोटारसायकलवर बसून घरी आलो. टॉवेलाखाली मी त्यानंतर कुणाला हात दिलेला नाही. जे काय असेल ते तोंडानं बोला म्हणतो.

डॉक्टरचं वाक्य मी विसरलेलो नाही. रक्तात घाण वाढली की हात झटकतात, त्या मुद्दाम करत नाहीत. कुणी म्हणेल, तो झटका आजाराचा होता, तू उगाच जिवाला लावून घेतोस. लेकीनं तेच सांगितलं मला, चांगल्या मनानं सांगितलं. झटका आजाराचा असेलही. पण त्याआधी तिनं माझी बोटं एकेक करून गोळा केली होती. करंगळी सुटली होती, ती परत शोधून मुठीत घेतली होती. आजार हात झटकतो. करंगळी शोधत नाही.